पाणी उपसायची गाडी

१२ ऑक्टोबर, रविवार

सवयीने साडेपाचला उठलो, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि बूट घालायला बसल्यावर लक्षात आलं की जायचं कुठेच नाही. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. चहा आणून दिला.

बावीस वर्षं इथे बहरीनमध्ये एकाच कंपनीत इमारतींची देखभाल केली. अमवाजचे तीन टॉवर आणि बुसैतीनमधले दोन कंपाउंड, म्हणजे बंगल्यांच्या बंदिस्त वसाहती, माझ्याकडे होते. कंत्राट दुसऱ्या कंपनीला गेलं. त्यांनी प्लंबर घेतले, वॉचमन घेतले, माझा ज्युनिअर मयुरेशही घेतला. सत्तावन्न वर्षांच्या इंजिनिअरला कोणी विचारलं नाही. व्हिसा मार्चअखेरपर्यंत आहे. त्यानंतर पुणे. सुनंदा म्हणते, तिला पुणं चालेल. तिच्या गणिताच्या ट्यूशनला अकरा मुलं येतात. हे सांगताना ती त्यांच्या वह्या तपासत होती आणि तिने मान वर केली नाही.

ही वही मुलीने, निधीने, मागे कधीतरी दिली होती. आता लिहायला वेळ आहे.

१६ ऑक्टोबर

निधीचा कॅल्गरीहून फोन. तिच्याकडे पहिला बर्फ पडलाय. खिडकीतून दाखवला. रस्त्यावर एक जुनाट पिकअप, पुढे लोखंडी पातं लावलेलं, बर्फ बाजूला लोटत चालली होती. चालवणारा शाळेतून रिटायर झालेला माणूस आहे म्हणे. वर्षभर गाडी अंगणात उभी असते, हिवाळ्यात मात्र गल्लीतले सगळे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. "He's literally the most important man on the street, बाबा," म्हणाली.

फोन ठेवल्यापासून डोक्यात तेच आहे. इथे बर्फ नाही, पण हिवाळ्यात दोन-तीनदा पाऊस पडतो आणि पाणी जायला वाट नसते. कंपाउंडमध्ये गुडघाभर पाणी साचतं. पाणी खेचणारे सरकारी टँकर सगळीकडे पुरे पडत नाहीत. मी स्वतः किती वेळा पंपवाल्यांना फोन करकरून थकलोय! एक जुनी पिकअप, मागे डिझेलचा पंप, शंभर मीटर पाइप. सगळे कंपाउंड मॅनेजर मला ओळखतात.

पंप समजणारा माणूस मात्र हवा. ताहिर.

१९ ऑक्टोबर, रविवार

मीना सलमान बंदराजवळ ताहिरच्या वर्कशॉपवर गेलो. हा म्हसळ्याचा. माझ्या हाताखाली अठरा वर्षं पंप मेकॅनिक होता. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्याने एका बहरीनी अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, लायसन्सवर पंपदुरुस्ती सुरू केली. कधी गेलो नव्हतो. फोनही केला नव्हता.

मला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. चहा आला तो बिनसाखरेचा. मला गेल्या वर्षी डायबिटीस निघाला हे त्याला कोणी सांगितलं, कोण जाणे.

कल्पना मांडली. त्याने शांतपणे ऐकून घेतली, दोन-तीन प्रश्न विचारले, म्हणाला, "चांगलं हाय साहेब. करूया." मी त्याला समजावलं की नुसतं वर्कशॉपमध्ये बसून धंदा वाढत नाही, बाहेर पडावं लागतं. तो हो म्हणाला. खरं तर त्याला कोणीतरी दिशा देणारा हवाच होता. माझ्या ग्रॅच्युइटीतून गाडी, त्याच्याकडून पंप आणि मेहनत. गाडी अरबाबच्या कंपनीच्या नावावर होईल.

त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. सहा वर्षांपूर्वी बुसैतीनच्या कंपाउंडमध्ये पंपाच्या खड्ड्यात गेली. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं आलं होतं. अहवाल मी लिहिला नव्हता, फक्त सही केली होती.

त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली गाडी बघितली, सलमाबादच्या एका गॅरेजात. पांढरी, २०१४ची, ऑटोमॅटिक. रंग नवा, सीटवर कव्हर, एसी असा की चष्म्यावर दव आलं. मला एकदम पसंत. ताहिर पुठ्ठा टाकून खाली सरपटत गेला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत बसला. दहा मिनिटांनी कपडे झटकत बाहेर आला. म्हणाला, बघूया अजून एक-दोन.

वाटेत मी कारण विचारलं. खालून गंजलीय, म्हणाला, रंगाखाली चेसीची भोकं बुजवलीत, ही समुद्रकाठी होड्या ओढायला होती. मी म्हटलं, अकरा वर्षांच्या गाडीला थोडा गंज असणारच. तो गप्प राहिला. त्याची ही सवय जुनी. पटलं नाही की गप्प.

२८ ऑक्टोबर

घरी धुसफुस. मी पांढऱ्या गाडीवर अडून बसलो होतो. सुनंदाने एवढंच विचारलं की ताहिर काय म्हणतो. मी म्हटलं, इंजिनिअर मी आहे. ती म्हणाली, "गाडीच्या खाली तो गेला होता, तुम्ही नव्हता गेलात."

संध्याकाळी एकटाच सलमाबादला गेलो. चांगल्या पँटने खाली शिरलो. स्क्रूड्रायव्हर ताहिरने ठोकला होता तिथेच टेकवला आणि जरासा दाबला. आरपार गेला.

ताहिरला फोन करून सांगितलं की मी पुन्हा विचार केला, ही नको. तो म्हणाला, "बरं झालं साहेब, तुम्ही बघितलंत."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी घेतली.

बुदैयाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून. २००८ची, मॅन्युअल, रंग एके काळी निळसर-करडा असावा. मागच्या हौद्यात कोथिंबिरीची माती आणि खजुराच्या फांद्या. डावा दरवाजा आतून उघडत नाही, काच खाली करून बाहेरच्या मुठीने उघडायचा. मी पाहताक्षणी नको म्हणणार होतो, पण तोंड मिटून बसलो. ताहिर खाली गेला आणि या वेळी मीही दुसऱ्या पुठ्ठ्यावर त्याच्या शेजारी गेलो. त्याने टॉर्च धरून एकेक गोष्ट दाखवली. चेसी कोरडी, ही गाडी कधी समुद्रावर गेलीच नव्हती. मागच्या स्प्रिंगचे पाटे जादा टाकलेले, वजन पेलतील. क्लच संपत आलाय, पण तो बदलता येतो. चेसी बदलता येत नाही.

म्हाताऱ्याला गाडी द्यायची होती आणि नव्हतीही. मुलगा विकायला सांगतोय म्हणाला. किंमत ठरल्यावरही किल्ली हातात धरून उभा. आम्हाला अर्ध्या हिंदी, अर्ध्या अरबीत विचारत होता की हिचं काय करणार. ताहिरने सांगितलं, पावसाचं पाणी उपसणार, लोकांची घरं वाचवणार. तेव्हा म्हातारा हसला. "खलास," म्हणजे ठरलं, म्हणाला आणि किल्ली ताहिरच्या नव्हे, माझ्या हातात ठेवली. वयाचा मान असेल.

२१ नोव्हेंबर

दोन आठवडे मॅन्युअल गाडी शिकतोय. तीस वर्षांत गिअरला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी वर्कशॉपच्या फाटकातच सात वेळा बंद पडली. शेजारचा वेल्डर तौकीर हातातलं काम सोडून बघत होता. त्याने पंपासाठी हौद्यात लोखंडी बैठक बनवून दिली. काम चालू असताना मला म्हणाला की ताहिरभाईकडे एक निळी पिकअप आहेच की पंप बसवलेली, मग दुसरी कशाला? ताहिर घाईने म्हणाला, ती गिऱ्हाइकाची आहे. तौकीरने त्याच्याकडे बघितलं आणि परत चष्मा डोळ्यांवर ओढला.

गिऱ्हाईक गाडी बरेच दिवस सोडून गेलेलं दिसतंय.

३ डिसेंबर

आकाश कोरडं ठणठणीत. रोज सकाळी गाडी चालू करतो, पंप दहा मिनिटं फिरवतो, बंद करतो. सतरा कंपाउंडना जाऊन भेटलो. लोक चहा देतात, "हो हो, पाऊस आला की कळवू," म्हणतात. मयुरेशकडेही गेलो. तो आता माझ्या जुन्या खुर्चीवर बसतो. उठून उभा राहिला, सर म्हणाला, पण मला खुर्ची द्यायला विसरला.

माझी ही कल्पना मूर्खपणाची आहे का? पाऊस पडलाच नाही तर मार्चमध्ये गाडी विकून निघायचं. ताहिरला यात ओढलं याचं वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट. मागे लिहिलं की अहवाल मी लिहिला नव्हता. ते खरं नाही. मीच लिहिला. कामगाराची चूक लिहा असं वरून सांगितलं होतं, पण शब्द माझे होते.

१७ डिसेंबर, बुधवार

पहाटेपासून पाऊस. सहा वाजता ताहिर खाली येऊन उभा होता. दहा वाजेपर्यंत चार फोन, त्यात मयुरेशचा, बुसैतीनच्या कंपाउंडमधून. तेच कंपाउंड. ताहिर म्हणाला, तिथेच आधी जाऊ, तिथली इलेक्ट्रिक रूम खोलगट आहे. बाकीच्या ठिकाणी त्याने आपली माणसं पाठवली. गिऱ्हाइकाची निळी पिकअपही ऐन वेळी मागून आणली म्हणे. नशीब.

गाडी मी चालवली. पाणी बंपरपर्यंत होतं. ताहिर सांगत होता, पहिला गिअर, अॅक्सिलरेटर सोडू नका, थांबू नका. आमच्या आजूबाजूला चकचकीत गाड्या बंद पडल्या होत्या. आमची थांबली नाही.

पंप सुरू झाला, पाणी जोरात जायला लागलं, पण येणारं पाणी जास्त होतं. कंपाउंडचा स्वतःचा पंप खड्ड्यात तुंबून बंद होता. तो चालू झाल्याशिवाय भागणार नव्हतं. ताहिर कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि पंपाच्या तोंडात हात घालून पालापाचोळा, पिशव्या काढायला लागला. स्विच तीस फुटांवर, वॉचमनच्या केबिनमध्ये. त्याला कुलूप लावायची सोय तेव्हा नव्हती, अजूनही नाही. मी स्विच बंद केला आणि पाठ लावून पुढे उभा राहिलो.

मयुरेश धावत आला. भिजलेला, घाबरलेला. "सर, पाणी इलेक्ट्रिक रूमच्या पायरीला लागलंय. चालू करा ना, तो निघाला असेल बाहेर."

मी म्हटलं, तो निघालेला नाही. मयुरेश म्हणाला, पण एवढा वेळ झाला, म्हणजे झालं असेल काम. मग त्याने माझ्या खांद्यावरून हात पुढे केला. मी त्याचं मनगट धरलं. आयुष्यात कोणाचं मनगट असं धरलं नव्हतं.

"त्याचा हात आत आहे," मी म्हटलं. "तो स्वतः इथे येऊन सांगेल, तेव्हाच चालू होईल. खोली बुडाली तरी चालेल."

वीस मिनिटं तसाच उभा होतो. ताहिर आला, चिखलाने माखलेला, आणि त्याने स्वतःच्या हाताने स्विच दाबला. पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं, तिथून उतरायला लागलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

काल पुढचं लिहिता आलं नाही.

मयुरेश जे बोलला ते माझे शब्द होते. सहा वर्षांपूर्वी अशाच पावसात मी टॉवरच्या ऑफिसात होतो, वरून फोनवर फोन येत होते, आणि मी वॉकीटॉकीवर वॉचमनला सांगितलं, "चालू कर, तो निघाला असेल बाहेर." अहवालात हे नाही. सुनंदालाही माहीत नाही. या वहीतसुद्धा दोन महिने लिहिलं नाही.

काल काम उरकल्यावर दुपारी आम्ही गाडीत बसलो होतो. शरीफुन्निसाने, म्हणजे ताहिरच्या बायकोने, दिलेला डबा त्याने उघडला. मी म्हटलं, "ताहिर, तेव्हा स्विच चालू करायला मी सांगितलं होतं."

तो भाकरी मोडत होता. म्हणाला, "माहीत हाय साहेब. माझाही वॉकी चालू होता. खड्ड्याच्या काठावर ठेवला होता."

मी विचारलं, मग कधी म्हणाला का नाहीस.

"तेरा दिवस तुम्ही दवाखान्यात डबा घेऊन येत होता. मी रोज वाट बघायचो. वाटायचं, आज बोलतील." मग त्याने भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला. "नाय बोललात. मग मी सोडून दिलं. राग होता, नव्हता असं नाय. दोन वर्षं तुमच्यासमोर काम केलं, मग जमेना, म्हणून निघालो."

"आणि आता?"

"आता सकाळी तुम्ही तिथे उभे होता. मी खालून बघत होतो," तो म्हणाला.

२० डिसेंबर

सुनंदाला सगळं सांगितलं. ती गॅलरीत कपडे काढायला गेली. आत येऊन म्हणाली की हे कागदावर यायला हवं. मी इंग्रजीत निवेदन लिहिलं: आदेश माझा होता, स्विचला कुलूप नव्हतं, ताहिरची कोणतीही चूक नव्हती. एक प्रत जुन्या कंपनीला पाठवली. त्याचं काही होईल असं वाटत नाही. दुसरी मराठीत, ताहिरला द्यायला.

ताहिरने ती वाचून घडी केली. म्हणाला, ही घरी द्यावी लागेल. त्याने बायकोला सांगितलं होतं की चूक त्याचीच होती. साहेबाचं नाव सांगितलं असतं तर ती ऑफिसात येऊन भांडली असती आणि नोकरी गेली असती. एवढं बोलून तो पंपाचं तेल बदलायला लागला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

शरीफुन्निसाचा सुनंदाला फोन: दोघांनी जेवायला या. गेलो.

दार तिनेच उघडलं. सुनंदाला हात धरून आत नेलं. माझ्याकडे बघितलं नाही. माझं पत्र टेबलावर काचेखाली ठेवलं होतं. मी उभाच राहिलो. मग ती बोलली, आवाज न चढवता.

"सहा वर्षं मी यांना बेसावध म्हणत आले. पोरांसमोर म्हटलं. रस्ता ओलांडताना, सुरी घेताना, प्रत्येक वेळी. हे एकदा उलटून बोलले नाहीत. हे तुम्ही कसं भरून द्याल?"

मी म्हटलं, मला भरून देता येणार नाही. ताहिर खिडकीबाहेर बघत होता.

तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, बसा, भात निवतोय. जेवताना तिने ताहिरला दोनदा वाढलं, न मागता. मला एकदा. त्यातही मला पुष्कळ मिळालं असं वाटलं. सुनंदा आणि ती मात्र जुन्या मैत्रिणींसारख्या बोलत होत्या. यांची एवढी ओळख कधी झाली?

११ जानेवारी

पावसाची दुसरी खेप. तीन दिवस, नऊ कंपाउंड. क्लच नवा असल्याने आता गाडी माझं ऐकते. मयुरेशने स्विचला कुलूप बसवून घेतलंय. त्याची किल्ली त्याने मला दाखवली आणि या वेळी खुर्चीही दिली.

२२ जानेवारी, गुरुवार

व्हिसाचं काम झालं. अरबाबच्या कंपनीत एकच जागा रिकामी होती, ड्रायव्हरची. ताहिरला हे सांगताना फार संकोच वाटत होता. दोन वर्षांनी इंजिनिअरची जागा काढता येईल म्हणाला. मी म्हटलं, अजिबात नको. अरबाब गमतीदार माणूस आहे, मला म्हणाला की ताहिरने तुमचं नाव ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच माझ्या कानावर घातलं होतं. तेव्हा तर मी ताहिरला भेटलोही नव्हतो. म्हातारा महिन्यांत घोळ करतो. घरी हे सांगितलं तर सुनंदा एकदम पोह्यांकडे वळली आणि फोडणी करपते म्हणाली. गॅस अजून पेटवलाही नव्हता.

निधीला माझ्या नव्या ओळखपत्राचा, 'ड्रायव्हर' लिहिलेल्या कार्डाचा, फोटो पाठवला.

बारापासून जोराचा पाऊस लागला. अडीचला फोन वाजला. जनुसानच्या कंपाउंडची कश्मिरा बोलत होती, नवीन मॅनेजर, आवाजात घाबरलेपण. पाणी दारापर्यंत आलंय, इंजिनिअरशी बोलायचंय. मी सांगितलं, ताहिरभाई दुसऱ्या साइटवर आहेत, त्यांना लगेच कळवतो. पंपाच्या खड्ड्यात कोणालाही उतरू देऊ नका आणि स्विचजवळ एक माणूस उभा करा.

तिने विचारलं, आपण कोण?

"मी त्यांचा ड्रायव्हर," मी म्हटलं. "वीस मिनिटांत पोचतो."